लेन्स डोळ्यात घालण्याआधी आणि काढल्यानंतर

आजचा विषय आहे डोळ्यात घालायच्या लेन्सचा, म्हणजे कॉन्टॅक्ट लेन्सचा. मागच्या वेळी चष्म्यावर बोललो, तेव्हा दोन-तीन गटांतून हाच प्रश्न आला होता. काही जणी म्हणतील, हा शहरातला विषय, आपला काय संबंध? संबंध आहे. तीन वाटांनी ही लेन्स आपल्या गावात आली आहे. कॉलेजला, नर्सिंगला गेलेल्या मुली चष्मा नको म्हणून लेन्स घेतात आणि सुट्टीत ती डबी घेऊन घरी येतात. दुसरी वाट डॉक्टरांची. बुबुळ शंकूसारखं पुढे येण्याचा एक आजार आहे, त्याला केराटोकोनस म्हणतात. तो बहुधा वयात येण्याच्या सुमारास सुरू होतो, त्यात चष्म्याने नीट दिसेनासं होतं आणि डॉक्टर कडक लेन्स देतात. तिसरी वाट मात्र आपल्या गटांचीच आहे. पार्लरचं प्रशिक्षण घेतलेल्या आपल्या बायका लग्नसराईत नवरीचा मेकअप करतात आणि हल्ली नवरीला घारे, निळसर डोळे हवे असतात. त्याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. पण आधी लेन्स स्वच्छ कशी ठेवायची ते नीट समजून घेऊ.

आपल्या बुबुळासमोर एक पारदर्शक पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू तो बराचसा हवेतून आणि अश्रूंतून घेतो. पापणी लवली की अश्रू त्याच्यावरून फिरतात, धूळ-जंतू धुऊन नेतात. लेन्स या पडद्यावर झाकणासारखी बसते. म्हणजे हवाही थोडी कमी मिळते आणि धुणंही कमी होतं. लेन्स नीट वापरली तर डोळ्याला एवढं चालतं. पण झाकणच घाण असेल तर खाली काय होईल, हे स्वयंपाकघर सांभाळणारीला सांगायला नको.

मऊ लेन्स पाणी धरून ठेवणाऱ्या प्लास्टिकची असते. भिजवलेला साबुदाणा आठवा, तशी. पाणी धरते म्हणूनच ती डोळ्याला टोचत नाही. पण मिरची, साबण, अत्तर, धूर जे काही हाताला-हवेत असेल तेही ती धरते. शिवाय अश्रूंमध्ये प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात, त्यांचा थर दिवसभरात लेन्सवर बसतो, दुधाच्या पातेल्याला साय चिकटून राहते तसा. या थरात जंतू ठाण मांडतात. पाण्याच्या टाकीला आतून जो बुळबुळीतपणा येतो, तो नुसतं पाणी ओतून जातो का? हाताने घासावा लागतो. लेन्सचंही तेच आहे.

म्हणून लेन्सच्या निगेत दोन वेगळी कामं आहेत, हे पक्कं लक्षात ठेवा. एक, थर काढणं. दोन, उरलेले जंतू मारणं. भांडं घासणं वेगळं आणि बाळाची वाटी-चमचा उकळणं वेगळं, तसंच. घासलं पण जंतू मारले नाहीत तर उपयोग नाही. जंतू मारायच्या द्रवात टाकलं पण घासलं नाही, तर थराखालचे जंतू सुखरूप राहतात.

आता रोजची पद्धत. आजकाल बहुतेक जणी वापरतात तो द्रव म्हणजे एकाच बाटलीत सगळं असलेला, धुणारा आणि जंतू मारणारा. त्याला दुकानात ‘लेन्स सोल्युशन’ म्हणतात. आधी हात साध्या साबणाने धुवा. क्रीम किंवा भरपूर अत्तर असलेला साबण नको, तो बोटाला राहतो. हात स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने कोरडे करा, पदराला पुसू नका. नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात करा म्हणजे लेन्सची अदलाबदल होत नाही. लेन्स तळहातावर घ्या, त्यावर द्रवाचे थेंब टाका आणि बोटाच्या पेराने हलकेच चोळा, पुढूनही आणि उलटी करूनही, साधारण वीस सेकंद. नख लागू देऊ नका. बाटलीवर ‘चोळण्याची गरज नाही’ असं छापलं असलं तरी चोळाच, असं माझं स्पष्ट मत आहे आणि डोळ्यांचे डॉक्टरही तेच सांगतात. मग त्याच द्रवाने लेन्स धुवा, डबीच्या कप्प्यात ठेवा, लेन्स पूर्ण बुडेल इतका ताजा द्रव भरा आणि झाकण लावा. बाटलीवर लिहिलेला वेळ, बहुधा चार ते सहा तास, ती तशीच राहू द्या. रात्रभर ठेवली की काम झालं.

सकाळी लेन्स घातल्यावर डबीतला द्रव ओतून टाकायचा. इथेच बहुतेकींचं चुकतं. द्रव महाग, म्हणून रात्रीचाच ठेवायचा आणि वरून थोडा घालायचा. आपल्याला काटकसरीची सवय आहे, ती चांगलीही आहे, पण इथे ती डोळ्यावर येते. रात्रभरात द्रवातला जंतुनाशक भाग वापरला गेलेला असतो. त्यात नवीन घातला की नवीनही पातळ होतो. डबी रिकामी करायची, ताज्या द्रवाने आतून धुवायची, स्वच्छ कापडाने किंवा टिश्यूने आतून घासून पुसायची आणि झाकणं काढून टिश्यूवर पालथी घालून वाळवायची. मोरीजवळ, संडासाजवळ ठेवायची नाही. दर तीन महिन्यांनी डबी बदलायची. आजच डबीच्या खाली मार्करने तारीख लिहा, म्हणजे आठवणीवर राहणार नाही. बाटली फोडल्याची तारीखही बाटलीवर लिहा. फोडल्यावर ती किती दिवस चालते हे लेबलवर दिलेलं असतं, बऱ्याच बाटल्यांना ९० दिवस असतात. द्रव उरला असला तरी मुदत संपली की टाकून द्यायचा. आणि मोठ्या बाटलीतून छोट्या बाटलीत ओतून प्रवासाला न्यायचा नाही.

खर्चाचा हिशोब घरी बसून करा. डबीचे दोन कप्पे भरणं, लेन्स धुणं, डबी धुणं मिळून दिवसाला १० मिली द्रव लागतो असं धरलं, तर १२० मिलीची बाटली १२ दिवसांत संपते. महिन्याला अडीच बाटल्या. मुलीला लेन्स घेऊन देताना आपण फक्त लेन्सची किंमत विचारतो, या अडीच बाटल्या विचारत नाही. मग पैसे पुरत नाहीत आणि ती द्रव वाचवायला लागते. गटातून अंतर्गत कर्ज घेऊन लेन्स घ्यायला माझी हरकत नाही, पण दर महिन्याचा हा खर्च झेपणार नसेल तर चष्मा कितीतरी चांगला. चष्म्याने डोळ्यात जंतू जात नाहीत.

द्रवाच्या ऐवजी दुसरं काही चालतं का, हा प्रश्न सगळीकडे येतो. नळाचं पाणी? उकळून गार केलेलं? फिल्टरचं? विकत घेतलेलं बाटलीचं? उत्तर एकच, नाही. आपण पितो त्या पाण्यातले जंतू पोट पचवतं, डोळा पचवत नाही. पाण्यात आणि मातीत अकँथामिबा नावाचा एक सूक्ष्म जीव राहतो. परिस्थिती वाईट झाली की तो स्वतःभोवती टणक कवच करतो, बियाण्यासारखा पडून राहतो. टाकीत टाकतो त्या क्लोरीनलाही हे कवच दाद देत नाही. लेन्सवर बसून तो डोळ्यात गेला आणि पारपटलात शिरला, तर भयंकर दुखतं, उजेड सहन होत नाही, आणि उपचार महिनोन्महिने चालतात. काहींची नजर जाते. पाणी उकळल्यावर हे जीव मरतात, पण मग ते पाणी गार होतं, भांड्यात राहतं, त्यात हात-कप बुडतात. शिवाय साध्या पाण्याने मऊ लेन्स फुगते, तिचा आकार बदलतो.

हे काही नुसतं घाबरवण्यासाठी सांगत नाही. मऊ लेन्सचा इतिहास पाहिला तर कळेल. ओटो विख्टर्ले नावाचे एक झेक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी १९६१ च्या नाताळात घरच्या टेबलावर, मुलाच्या खेळातल्या जोडणीच्या लोखंडी पट्ट्या आणि सायकलचा डायनॅमो वापरून फिरत्या साच्याचं यंत्र केलं आणि त्यावर मऊ लेन्स घडवल्या. प्रयोगशाळेत काम बंद पडलं म्हणून ते घरी बसले नाहीत, हे मला फार आवडतं. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत या लेन्स विकायला परवानगी मिळाली. तेव्हा जंतू मारायचा उपाय होता उष्णता. मिठाच्या द्रावणात लेन्स ठेवायची आणि विजेवरच्या छोट्या डबीत तापवायची. जंतू मरायचे, पण प्रथिनांचा थर लेन्सवर भाजून पक्का बसायचा, उतू गेलेलं दूध शेगडीवर करपतं तसा. तो काढायला मग पपईच्या चिकापासून केलेल्या गोळ्या आल्या. मटण शिजायला कच्ची पपई घालतात ना, तोच गुण. प्रथिनं तोडते. गोळी पाण्यात विरघळवून आठवड्यातून एकदा लेन्स त्यात भिजवायची. पण या गोळीने जंतू मरत नाहीत, म्हणून नंतर पुन्हा निर्जंतुक करावंच लागायचं.

मग लोकांनी खर्च वाचवायला मिठाच्या गोळ्या पाण्यात टाकून घरीच द्रावण करायला सुरुवात केली. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत अकँथामिबाने डोळे जाण्याचे प्रकार अचानक वाढले. डॉक्टरांनी शोध घेतला, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांनी असं घरचं मिठाचं पाणी वापरलेलं होतं. आपल्याकडे दवाखान्यातली सलाईनची बाटली कुणाच्या घरी असली की ती लेन्सला वापरतात, म्हणून हे सांगते. सलाईन म्हणजे नुसतं मिठाचं स्वच्छ पाणी. ते धुवायला ठीक, पण जंतू मारत नाही, आणि फोडलेली बाटली दुसऱ्या दिवशी स्वच्छही राहिलेली नसते. गुलाबजल, डेटॉल, तोंडातली थुंकी यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

२००६ मध्ये आणखी एक प्रकार झाला. अमेरिका, सिंगापूर, हाँगकाँगमध्ये लेन्स वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझेरियम नावाची बुरशी झाली. एक विशिष्ट सोल्युशन वापरणाऱ्यांत हे जास्त दिसलं आणि कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. ही बुरशी तुम्हाला माहीत आहे. हरभऱ्याला, तुरीला मर रोग लागतो, उभं झाड वाळून जातं, तो याच जातकुळीच्या बुरशीचा. मातीत ती असतेच. शिळा द्रव, त्यात वरून भर घालणं, उघडी डबी, यांनी तिला वाट मिळते. म्हणजे चांगली बाटली घेतली की आपलं काम संपलं असं नाही. जंतू मारायचं काम द्रव आणि आपला हात दोघांना मिळून करायचं असतं.

दुसरा एक चांगला प्रकार आहे हायड्रोजन पेरॉक्साइडचा. जखमेवर टाकला की फेस येतो तो पदार्थ, तीन टक्क्यांचा. तो जंतू जोरात मारतो. याची डबी वेगळी, उभी, जाळीची असते आणि तिच्या तळाशी प्लॅटिनमचा मुलामा दिलेली चकती असते. चकतीमुळे पेरॉक्साइडचं हळूहळू पाणी आणि प्राणवायू होतो, बुडबुडे येतात, म्हणून झाकणाला हवा जायला छिद्र असतं. पूर्ण सहा तास झाल्याशिवाय लेन्स काढायची नाही. आधी घातली तर डोळ्याची आग आग होते, पारपटल भाजतं. साध्या चपट्या डबीत हा द्रव टाकायचा नाही, कारण तिथे चकती नाही, तो सकाळीही तेवढाच तिखट असतो. चकतीचा गुण हळूहळू संपतो म्हणून नव्या बाटलीसोबत येणारी नवी डबीच वापरायची. मेडिकलमध्ये जखमेसाठी मिळणारा पेरॉक्साइड स्वस्त असतो, तो लेन्सला चालत नाही. ज्यांना साध्या सोल्युशनने डोळे चुरचुरतात त्यांना डॉक्टर हा प्रकार सुचवतात. पण घरात लहान मूल असेल किंवा घाईघाईने लेन्स घालायची सवय असेल, तर मी म्हणेन, विचार करा.

मोबाईलवर हल्ली लेन्स धुवायची छोटी यंत्रं दिसतात. काही थरथरणारी असतात. सराफाकडे दागिने टाकतात ते यंत्र पाहिलं असेल, पाण्यात सूक्ष्म कंपनं होतात आणि खाचांतला मळ सुटतो. लेन्सचं यंत्र त्याच तत्त्वाचं, फार कमी ताकदीचं. मळ सैल होईल, जंतू मरतील असं नाही. काहींत निळा दिवा असतो आणि अतिनील किरणांनी जंतू मरतात असं लिहिलेलं असतं. योग्य किरण, पुरेसा वेळ आणि पुरेशी ताकद असेल तर जंतू मरतात हे खरं, पण दिवा निळा दिसला म्हणजे ते किरण आहेतच असं नसतं. ते आपल्याला घरी तपासता येत नाही. यंत्र घेतलं तरी तळहातावर चोळणं आणि ताजा द्रव यातून सुटका नाही, मग यंत्रावर पैसे कशाला घालवायचे? हाताने फिरवायची चक्रीवाली डबी मिळते, तिचंही तेच.

कडक लेन्स वापरणाऱ्या मुलींसाठी एवढंच, की तिचं सोल्युशन वेगळं असतं. मऊ लेन्सची बाटली तिला आणि तिची मऊ लेन्सला लावू नका. लेन्स काढायला रबरी चोषक देतात, तोही रोज धुऊन कोरडा ठेवायचा. आणि रोजची रोज टाकून द्यायची लेन्स मिळते, ती धुवायचीच नसते. संध्याकाळी काढली की कचऱ्यात. ती द्रवात ठेवून चार दिवस वापरणं ही फसवी बचत आहे.

आता पार्लरच्या मैत्रिणींकडे येते. आमच्या भागात एका गटात चर्चा झाली, तेव्हा कळलं की रंगीत लेन्सच्या दोन जोड्यांवर अख्खी लग्नसराई निघते. एका नवरीची काढायची, द्रवात बुचकळायची, दुसरीला घालायची. गटातल्या ताई म्हणाल्या, “मॅडम, नवरी अडून बसते. नाही म्हटलं तर ऑर्डर शेजारच्या गावात जाते.” त्यांचं म्हणणं खोटं नाही. पोटाचा प्रश्न आहे. पण विचार करा, २०२३ च्या पावसाळ्यात डोळे येण्याची साथ राज्यभर पसरली होती. ते विषाणू वस्तूंवर कितीतरी वेळ तग धरतात. एकीचे डोळे येणार असतील, अजून लाल झाले नसतील, आणि तिची लेन्स दुसरीच्या डोळ्यात गेली तर? एकीच्या डोळ्यातले जंतू दुसरीच्या डोळ्यात घालण्याचा याहून सोपा मार्ग नाही. कितीही धुतली तरी एकीने घातलेली लेन्स दुसरीने घालायची नसते. सोल्युशन हे एका माणसाने स्वतःची लेन्स पुन्हा वापरावी यासाठी केलेलं असतं.

दुसरी गोष्ट, नंबर नसलेली रंगीत लेन्ससुद्धा डोळ्याच्या गोलाईला बसावी लागते. घट्ट बसली तर पारपटलाला हवा मिळत नाही. कटलरीच्या दुकानात ती टिकलीसारखी मिळते, पण ती टिकली नाही. त्या गटाने शेवटी दरपत्रकातच लिहिलं, ‘लेन्स हवी असल्यास नवरीने डॉक्टरांकडून तपासून, स्वतःची आणावी.’ पहिल्या महिन्यात एक ऑर्डर गेली. मग आयाच विचारायला लागल्या, की बाई, असं का लिहिलंय? कारण ऐकल्यावर बहुतेकींनी लेन्सचा हट्ट सोडला आणि डोळ्यांच्या मेकअपवर भागवलं. नवरी स्वतःची लेन्स घेऊन आली तर ती मेकअपच्या आधी, धुतलेल्या हातांनी तिने स्वतः घालावी आणि मेकअप उतरवण्याच्या आधी काढावी. हळदीला लेन्स नकोच. होमाच्या आगीने लेन्स डोळ्यात वितळते असं म्हणतात, ती अफवा आहे. धुराने डोळे चोळले जातात, तो त्रास मात्र खरा आहे.

आपल्या रोजच्या कामात कधी लेन्स घालू नये तेही सांगते. मिरची कांडपाच्या दिवशी चष्मा लावा. मिरचीचा तिखटपणा पाण्याने जात नाही, हाताला आधी तेल चोळून मग साबण लावावा लागतो, आणि तरीही बोटांत थोडा राहतो. मळणीच्या धुळीत, विहिरीत-नदीत पोहताना, तीर्थाला बुडी मारताना, रंगपंचमीला लेन्स काढून ठेवा. लेन्स घालून झोपू नका, दुपारची डुलकीही नको. झोपेत पापणी बंद, अश्रू फिरत नाहीत, हवा आधीच कमी, त्यामुळे जंतुसंसर्गाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड टोचला, पाणी आलं, अंधुक दिसलं, तर पहिलं काम लेन्स काढणं. परत घालून बघायची नाही. काही जंतू एक-दोन दिवसांत पारपटल पोखरतात आणि मग बुबुळावर फूल पडतं, ते कायमचं. म्हणून ‘उद्या बघू’ नको. त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात जा. मेडिकलमधून आपल्या मनाने थेंब आणू नका. काही थेंबांत स्टेरॉइड असतं, त्याने लाली कमी होते आणि आत जंतू वाढत राहतात. मध, अंगावरचं दूध, तूप काही घालू नका. लेन्स, डबी आणि सोल्युशनची बाटली फेकू नका, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. त्यावरून कोणता जंतू आहे ते तपासता येतं.

शेवटी दोन पत्रांतले प्रश्न. एकीने विचारलंय, लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन मेंदूकडे सरकते का? जात नाही. पापणीच्या आत त्वचेची घडी असते, तिथे वाट बंद आहे. लेन्स फार तर वरच्या पापणीखाली अडकते, ती डॉक्टर काढतात. दुसरीच्या मुलीची लेन्स डबीबाहेर राहून वाळून कडक झाली आहे. द्रवात टाकली तर ती पुन्हा मऊ होईल, दिसायला पहिल्यासारखीही होईल, पण वाळताना तिला बारीक चिरा पडलेल्या असतात आणि जंतूही बसलेले असतात. ती टाकून द्यायची, आणि नवीन येईपर्यंत चष्मा. म्हणूनच लेन्स घेतली तरी चष्म्याची जोडी घरात असलीच पाहिजे. पुढच्या बुधवारी गटाच्या हिशोबवहीवर बोलू. नमस्कार.